पाणी उतरवून ठेवणे

मराठीत तूप थिजते, तेल थिजते आणि पाणी गोठते. भीतीने माणूस जागच्या जागी थिजतो, पण रक्त मात्र गोठते. पाणी थिजले असे कोणी म्हणत नाही आणि तूप गोठले असे म्हणणाऱ्याकडे आपण जरा निरखून पाहतो. दोन्ही क्रिया थंडीच्याच. मग दोन शब्द कशाला, असा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडत असे. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी ही खोड ठाऊकच आहे. त्याचे उत्तर मला गेल्या थंडीत मिळाले, आणि तेही शब्दकोशातून नव्हे, तर अमेरिकेतल्या टेक्सास नावाच्या प्रांतात उभ्या असलेल्या एका चाकांच्या घरातून मिळाले.

मी राहतो जव्हारला. समुद्रसपाटीपासून १५०० फुटांच्या आसपास हे गाव आहे आणि एकेकाळच्या मुकणे संस्थानिकांची ही राजधानी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाण्याचे. खाली डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर लोक डिसेंबरातही पंखा लावून निजतात आणि आम्ही इकडे पहाटे शाल शोधतो. मोखाड्याच्या अंगाला, सूर्यमाळकडे तर गारठा आणखी कडक. तरी आमची थंडी मोजायचे माप म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. ती सकाळी थिजलेली दिसली की थंडी पडली असे समजायचे आणि बाटली उन्हात ठेवून आंघोळीला जायचे. खोबरेल चोवीस अंशांच्या सुमारास थिजते, तेव्हा हे माप काही फार कठोर नव्हे! पाणी गोठण्याची भाषा आमच्याकडे फक्त विज्ञानाच्या पुस्तकात. फार काय, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. यावरूनच हा प्रकार आपल्याला किती अपूर्वाईचा आहे ते समजावे.

तर झाले असे की, माझी थोरली बहीण आणि भावजी सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेले होते. भाचा डॅलसच्या बाहेरच्या वस्तीत राहतो. त्याने एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला आहे. मोटारीमागे जोडून न्यायचा हा डबा. आत निजायची जागा, ओटा, मोरी, संडास, गरम पाण्याची टाकी, सगळे काही. आपल्याकडे धनगरांचा संसार घोड्यावर आणि ऊसतोडणी कामगारांचा बैलगाडीवर जातो. तिकडे हौसेने संसार मोटारीमागे बांधून नेतात. रविवारी ही मंडळी कुठूनशी फिरून आली, डबा परसात उभा केला आणि सोमवारी भाचा आणि त्याची बायको आपापल्या कामासाठी परगावी गेली. गुरुवारी वेधशाळेने सांगितले, शुक्रवार-शनिवार रात्री पारा शून्याच्या सात-आठ अंश खाली जाणार. डब्याच्या टाकीत, नळांत, सगळीकडे पाणी तसेच होते.

भाच्याने परगावाहून फोनवर सूचना दिल्या त्या अर्थात इंग्रजीत. बायपास, लो पॉइंट, ट्रॅप, रिलीफ व्हॉल्व्ह. भावजी निवृत्त शिक्षक, इतिहासाचे. पानिपतावरच्या फौजांची मांडणी ते डोळे मिटून सांगतील. पण डब्याखाली वाकून कोणता खटका फिरवायचा हे त्यांना उमगेना. शेवटी ताईने मला फोन केला. तिकडे गुरुवारचे रात्रीचे आठ वाजले होते आणि इकडे शुक्रवार सकाळचे साडेसात.

"अरे, तू मराठीचा ना? मग हे मराठीत लिहून दे. सरळ लिही. तुझ्या त्या समीक्षेसारखं नको."

बहिणीचा हा शेरा सोडून देऊ. काम मात्र निकडीचे होते, कारण माझ्या संध्याकाळी त्यांची सकाळ उजाडणार आणि त्यांच्या रात्री थंडी उतरणार. भाच्याने गाडीच्या पुस्तिकेची पाने माझ्या फोनवर धाडली. ती वाचून मी प्रथम महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले आणि विचारले की नळातले पाणी गोठले तर बिघडते काय? उन्हे चढली की विरघळेलच ना?

त्यांनी माझ्या खोबरेलाच्या बाटलीचाच दाखला घेतला. थिजलेल्या तेलाच्या मधोमध खळगा पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कारण तेल थिजताना आकसते, म्हणून बाटली कधी फुटत नाही. पाण्याची रीत उलटी. चार अंशांपर्यंत ते इतर पदार्थांप्रमाणे आकसत जाते, मग फुगू लागते आणि बर्फ होताना सुमारे नऊ टक्के वाढते. बर्फाच्या वडीवर मधोमध उंचवटा असतो तो यामुळेच. थिजणारे आत जाते आणि गोठणारे बाहेर येते! आता आपल्या पूर्वजांनी हे पाहून दोन शब्द केले असे मी म्हणणार नाही. भाषा इतकी शिस्तीने वागत नाही. पण मला माझ्यापुरते उत्तर मिळाले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तिने मला फार नवल वाटले. नळ फुटतो तो पुष्कळदा जिथे बर्फ झाला तिथे फुटतच नाही. बर्फाचा गोळा नळाच्या मध्ये धरतो आणि वाढता वाढता पुढचे पाणी बंद तोटीकडे रेटत जातो. तोटी बंद, मागे बर्फ, मध्ये कोंडलेले पाणी. त्याचा दाब वाढत वाढत जिथे जोड कच्चा असेल तिथे तो फोडतो. म्हणून तोटी उघडी ठेवली, बारीक धार चालू राहिली, की दाबाला वाट मिळते. शिवाय वाहत्या पाण्याबरोबर थोडी ऊब येतच राहते. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागाईतदार रात्री बागेत ठिबकाचे पाणी सोडतात आणि शेकोट्या पेटवतात, तोही पाण्यातली ऊब कामाला लावण्याचाच प्रकार. श्रीनगरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची जी 'चिल्लई कलान' असते, तिच्यात सकाळी नळाला गरम पाण्याने शेकावे लागते. आणि लेहला गेलेले आपले प्रवासी सांगतात की हिवाळ्यात बहुतेक हॉटेले नळ बंदच करून टाकतात आणि खोलीत बादली आणून देतात. म्हणजे जिथे थंडी कायमची, तिथे माणसांनी आपली व्यवस्था लावलेली आहे. पंचाईत होते ती दोन रात्रींच्या पाहुण्या थंडीने. टेक्सासमध्ये हेच झाले होते. तिथली पुष्कळ घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आणि नळ माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे काही दिवस हाडे गोठवणारी थंडी पडली. वीज गेली ती सुमारे ४५ लाख घरांची आणि दुकानांची, नळ फुटून छते कोसळली, एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. ताईच्या आवाजात जी धास्ती होती ती उगीच नव्हती.

शास्त्र समजले, आता कारागिरी. त्यासाठी मी मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर राहणाऱ्या मिस्त्रीला बोलावले. तो जव्हारला नळांची कामे करतो आणि त्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे. मिस्त्रीने आयुष्यात नळातला बर्फ पाहिलेला नाही. मी पुस्तिकेतले चित्र पुढे केले. त्याने ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

"सर, तिकडं पाणी खालीच जातंय ना?"

"खालीच जाते."

"मग सोपं आहे. टाकी वर का खाली?"

टाकी खाली, डब्याच्या पोटात, आणि पंप पाणी वर चढवतो, असे मी सांगितले. "मग तिच्याही खाली दोन बारके कॉक असणार. एक गारचा, एक गरमचा." आणि खरेच, पुस्तिकेत ज्याला लो पॉइंट म्हटले होते ते हेच. 'सर्वात खालचे दोन कॉक', मी लिहिले. माझे भाषांतर सुरू झाले ते असे. त्यानंतर दोन तास मी शब्द विचारीत होतो आणि तो देत होता. बायपासला तो म्हणाला, "गरम टाकी वगळून जायची वाट." ट्रॅप म्हणजे "मोरीखालचा वाकडा." आणि या सगळ्या खटाटोपाला इंग्रजीत जो हिवाळ्यावरून केलेला शब्द आहे, त्यावर मी अडलो होतो. 'हिवाळीकरण' असे लिहिण्याचे पाप माझ्या हातून होण्याआधीच मिस्त्री बोलून गेला, "म्हणजे गाडीचं पाणी उतरवून ठेवायचं."

वाचकहो, एखाद्याचे पाणी उतरवणे म्हणजे त्याचा तोरा मोडणे, हे मी वर्गात कितीतरी वेळा शिकवले असेल. पाणी जोखणे, पाणी पाजणे, पाण्यात पाहणे, एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे. मराठीला पाण्याचे वेड आहे. पण पाणी उतरवणे हा इतका साधा, कामाचा, हाताने करायचा प्रकार आहे याची जाणीव मला मिस्त्रीने करून दिली. माझ्या कागदाचे शीर्षक तेच झाले.

त्या कागदात काय होते ते थोडे सांगतो. कोणाचा मुलगा-भाचा तिकडे असा डबा बाळगून असेल तर उपयोगी पडेल. प्रथम बाहेरून पाणी आणणारी रबरी नळी सोडवायची, झटकून रिकामी करायची आणि घरात ठेवायची. गरम पाण्याच्या टाकीचे बटण आणि गॅस आदल्या रात्रीच बंद झाला पाहिजे. तो भाच्याने बंद करवून घेतला होता, हे एक बरे. त्या टाकीत वीस-बावीस लिटर पाणी दाबाखाली असते. ते गरम असताना बूच काढले तर अंगावर येते. म्हणून आधी गरम पाण्याची तोटी उघडून दाब सोडायचा, आणि मग बूच. सर्वात खालचे दोन्ही कॉक उघडायचे, मोठ्या टाकीचाही. आतल्या सगळ्या तोट्या उघडायच्या, गार आणि गरम दोन्ही, कारण वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही. संडासाचा खटका दाबून धरायचा. पंप क्षणभर चालवून त्याच्या पोटातले पाणी काढायचे आणि लगेच थांबवायचा. सांडपाण्याच्या टाक्याही रिकाम्या करून घ्यायच्या. ते काम मात्र भाच्याने रविवारी वाटेतच उरकले होते.

राहता राहिला तो मोरीखालचा वाकडा. त्यातले पाणी उतरत नाही. उतरू नये म्हणूनच तर तो वाकवलेला असतो, नाहीतर गटाराची घाण घरात येईल. तिथे न गोठणारे औषध ओतायचे, प्रत्येक मोरीत पेलाभर. हे औषध साधारणपणे गुलाबी असते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी येथे मला थांबवले. रंगावर जाऊ नका, म्हणाले. मोटारीच्या रेडिएटरचे औषध आता नाना रंगांत मिळते आणि त्यातले बहुतेक विषारी असते. पिण्याच्या पाण्याच्या नळांत टाकायचे ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि मोटारीचे बहुधा एथिलीन ग्लायकॉल. नावात दोन अक्षरांचा फरक. ताईला मी लिहिले, "बाटलीवर ट्रेलरच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी असे छापलेले असेल तरच उघडावी."

डब्यात कोणी राहणारच असेल तर रीत निराळी: पाणी भरून ठेवावे, आतली उष्ण हवेची भट्टी चालू ठेवावी, ओट्याखालची कपाटे उघडी टाकावीत म्हणजे ऊब नळांपर्यंत जाते, आणि सांडपाण्याचा कॉक बंदच ठेवावा, नाहीतर थेंब थेंब गळून बाहेरच्या नळीतच बर्फाचा खांब उभा राहतो. पण मला या भागाविषयी लिहायचेच नव्हते. लिहावे लागले, त्याचे कारण भावजी.

दुपारी कागद जवळजवळ पुरा होत आला होता. तिकडे मध्यरात्र उलटलेली; भावजींना झोप लागत नव्हती. त्यांचा निरोप आला: "२०२१ सारखी वीज गेलीच, तर आम्ही डब्यातच जाऊन निजावे म्हणतो. आत गॅसची शेगडी आहे, परसात कोळशाचीही आहे. ती आत घेतली की झाले. खोली लहान, चटकन तापेल."

मी तो निरोप मिस्त्रीला आणि प्राध्यापकांना वाचून दाखवला. प्राध्यापकांचा चेहराच उतरला. मिस्त्री मात्र म्हणाला, "आम्हीपण आत शेकोटी करतोच की." त्याचे म्हणणे खरे होते. पाड्यावर थंडीत घरातच चूल धगधगत ठेवतात आणि भोवती सगळे निजतात. पण त्यांच्या घराचा कूड कारवीचा. शेणाने सारवला तरी त्याला शंभर फटी, वर कौलांतून किंवा गवतातून धूर निघून जातो. ते घर श्वास घेते. डबा घेत नाही. पत्रा, रबर आणि घट्ट काचा. त्यात कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला नुसती गुंगी येते आणि ती उतरत नाही. २०२१ च्या त्या थंडीत टेक्सासमध्ये हा वायू पुष्कळ घरांत शिरला, मोटार गॅरेजमध्ये चालू ठेवल्यामुळे, शेगडी आत घेतल्यामुळे, आणि माणसे गेली. गोठलेला नळ बदलता येतो.

मी कागद पुन्हा लिहिला. नळांचे सगळे खाली ढकलले आणि पहिली ओळ मोठ्या अक्षरांत घातली: 'कोळशाची शेगडी घरात किंवा डब्यात आणायची नाही. गॅसची शेगडी स्वयंपाकापुरतीच. उबेसाठी पेटवायची नाही.' तेवढ्याने समाधान होईना, म्हणून मी भावजींना फोनच केला. ते वयाने मोठे, नात्याने मोठे. त्यांना आजवर मी कधी उलट बोललेलो नाही.

"भावजी, तुम्ही मला शब्द द्या."

"अरे, पण वीज गेली तर?"

"तर दोघांनी एका खोलीत बसा, दाराखाली कापड लावा, घरातल्या सगळ्या गोधड्या घ्या. शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा. पण शेगडी नाही."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "दिला शब्द." इतिहासाच्या शिक्षकाचा शब्द, मी निश्चिंत झालो.

आमच्याकडे संध्याकाळ झाली तेव्हा तिकडे काम सुरू झाले. ताई फोन हातात धरून कागद वाचत होती आणि भावजी डब्याखाली. मिस्त्री माझ्या शेजारी बसून पडद्यात डोकावत होता आणि मधूनच ओरडत होता, "दादा, उलटं फिरवा, उलटं!" अखेर खालच्या कॉकमधून धार लागली तेव्हा जव्हारच्या माझ्या खोलीत आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. सगळे उरकल्यावर ताई म्हणाली, "बाहेरच्या अंगाला एक चिमुकलं दार आहे, ते काय?" ते ना पुस्तिकेच्या धाडलेल्या पानांत होते, ना आमच्या कागदात. उघडले तर आत पाय धुवायचा हातफवारा, त्याला दोन तोट्या, आणि त्यांत पाणी भरलेले. जन्मभर घर चालवलेल्या बाईच्या नजरेतून बंद दार सुटत नाही हेच खरे. दोन रात्री पारा उणे आठपर्यंत उतरला. वीज गेली नाही. डब्याचा एकही जोड फुटला नाही. शेजारच्या घरी मात्र बागेतला नळ उकलला.

मिस्त्रीला मी मजुरी विचारली. त्याने घेतली नाही. चहा पिता पिता म्हणाला, "सर, तिकडं पाणी आहे म्हणून नळ फुटतो. आमच्याकडं नळ फुटायला आधी पाणी पाहिजे."

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, म्हणूनच ते मला अधिक लागले. जव्हार-मोखाड्याला वर्षाला शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. सगळे पाणी चार महिन्यांत वाहून जाते. मोडकसागर १९५७ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे शंभर मीटरहून उंच धरण उभे राहिले आणि २०१४ पासून तेही मुंबईला रोज ४५ कोटी लिटर पाणी देऊ लागले. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर फिरू लागतात, बायका हंडे घेऊन झऱ्याच्या डबक्याशी रात्रीची पाळी लावतात. नळ नाहीत असे नव्हे. अलीकडच्या योजनांनी पुष्कळ दारांशी तोट्या आल्या आहेत. त्या तोट्यांना थंडीचे भय नाही, भय वणव्याचे. डोंगरावरच्या झऱ्यापासून आणलेला काळा प्लॅस्टिकचा पाइप गवतातून जातो, आणि उन्हाळ्यात गवत पेटले की तो वितळतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये अशा चाकांच्या घरांतून पर्यटन वाढवण्याचे धोरण जाहीर केले. उद्या जव्हारच्या सनसेट पॉइंटवर असा एखादा डबा येऊन उभा राहील, आणि राहावाही. गाव देखणे आहे. त्याचे नळ इथे गोठणार नाहीत. पण मे महिन्यात आला तर त्याची टाकी कोठून भरायची, हे त्या धोरणात लिहिलेले असो वा नसो, मिस्त्रीला विचारून ठेवायला हवे.

मिस्त्री सध्या आपल्या पाड्याचा पाइप जमिनीत गाडतो आहे. दीड हात खोल चर, मधे मधे कातळ लागतो तिथे वळसा, आणि सर्वात खालच्या टोकाला एक कॉक. रविवारी त्याचा मुलगा आणि वर्गातली चार पोरे कुदळी घेऊन जातात. दिवाळीच्या सुट्टीत मीही जाणार आहे. चर अजून अर्धाच झाला आहे.